येर्सनच्या हृदयासाठी

शनिवारी रात्री नेलिदानं साठ किलो कोंबडी मुरत घातली
दोन निळ्या पिंपांत. हात कोपरापर्यंत लाल.
मी बटाटे सोलत होते. लिमाच्या या टेकडीवर
पाणी टँकरनं येतं, विकत;
सगळे बटाटे आम्ही एकाच पाण्यात धुतले.

तिकीट पंधरा सोल. वर हातानं लिहिलेलं:
येर्सनच्या हृदयासाठी.
हृदयाचं स्पेलिंग चुकलं होतं. कुणी काढलं नाही.

येर्सन चार वर्षांचा. ओठ असे,
की आत्ताच जांभळ्या मक्याचं सरबत पिऊन आलाय.
पायऱ्या एकशे साठ.
बाप त्याला पाठुंगळी घेऊन उतरतो,
मग दिवसभर रिक्षा चालवतो.

रविवारी धुकं हललंच नाही. कोळसा पेटेना.
आणि वरच्या आळीतला सातुर्निनो आला,
टँकरच्या नळीवरून ज्याचा नेलिदाशी
दोन वर्षं अबोला.
सहा तिकिटं पुढे केली, ताट एकच घेतलं,
उभ्यानंच खाल्लं, हाडंसुद्धा चोखली.
"मीठ कमी आहे,"
एवढंच बोलला, गेला.

त्यानंतरचा प्रत्येक तुकडा नेलिदानं खारट केला.

रात्री हिशेब. कोळसा, तेल, कोंबडी वजा जाता
ठिगळापुरते झाले.
भुलीच्या डॉक्टरचे राहिले.

तेलकट नोटा पुसून
आम्ही दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या,
लंगोटांशेजारी.
येर्सन खाली बसून मोजत होता.
त्याला वीसपर्यंतच येतं.
वीस झाले की दम खातो,
आणि पुन्हा एकपासून.