मीठ

ओउलूला डिसेंबरात दुपारी दोनलाच दिवेलागण.
इर्मेलीनं मागणं ऑक्टोबरातच टाकलं होतं:
मालिकेच्या तिसऱ्या पर्वात बुडालेला
तो जहाजावरचा आचारी
एकदा घरी जेवायला यावा. बाकी काही नको.
कोण लिहिणार, ते एक तारखेपर्यंत गुपित.

नाताळच्या पहाटे गोष्ट आली.
आचारी येतो, बूट झटकतो,
कुणी त्याला काही विचारत नाही;
माशाच्या सारात मीठ कमी आहे
एवढंच म्हणतो, आणि पुन्हा वाढून घेतो.

मग चार दिवस वाद.
बुडालेल्याला असं वर काढावं का?
हिल्क्का सगळ्यांत चिडलेली:
मेला तर मेला, ही फसवणूक आहे.

एक तारखेला नावं उघडली.
लिहिणारी हिल्क्काच.

इर्मेलीनं का म्हणून विचारलं नाही.
लिहिलं फक्त,
मीठ मीही कमीच घालते.
ये.