एका परगण्याचा इतिहास

पुस्तक पापाच्या तिकटीजवळच्या रद्दीतून आलं,
दोन रुपये आणि एका मोडक्या छत्रीच्या बदल्यात.
मलपृष्ठ नव्हतं. नकाशातला
पूर्वेचा कोपरा वाळवीनं खाल्लेला.
शमुवेल ढोले मास्तरांनी, म्हणजे माझ्या बापानं,
त्याला कोडोलीच्या देवळातल्या जुन्या पडद्याचं कापड चढवलं
आणि वर टाकानं लिहिलं : एका परगण्याचा इतिहास.

काउंटीला परगणा म्हणणं त्याचंच.
शब्दकोश वेगळं सांगायचा. पण तो म्हणे,
जिथं मेंढरं मोजतात, पाण्यावरून भांडतात,
आणि देवाची भाषा गावाला येत नाही,
तो परगणाच की.

समासात त्याच्या शिसपेन्सिलीचं राज्य.
कुंपणं पडली, गायरान गेलं : "आपलं बी."
पुरात गिरणी वाहून गेली : "वारणा, आमच्या लग्नाचं साल."
लोकरीचा भाव, गव्हाचा भाव : "गुळाचा कुणी लिहून ठेवलाय?"
आणि पान एकशे बारावर
एका धर्मगुरूच्या नावाखाली दोनदा रेघ.

सहाशे वर्षांमागं, त्या परगण्यातल्या आडगावी,
अर्ध्या अंगावरून वारं गेलेला तो म्हातारा
शास्त्राचं लॅटिन कुलूप काढा म्हणत राहिला.
बाजारात बोलता तेच बोला देवाशी.
मेला अंथरुणात.
चाळीसेक वर्षांनी वरून हुकूम आला :
हाडं उकरा. जाळा. राख ओढ्यात टाका.

बापानं हे वाचून वही घातली.
डोंगरावरचं प्रवचन, वारणाकाठच्या बोलीत.
"आरं, ज्येंच्या जिवाला गरिबी ठावं हाय,
त्येंचंच राज्य त्ये, वरचं."
मंडळीच्या पंचांनी वही परत केली :
मास्तर, देव 'आरं' म्हणत नाही.
तो वाद घालायला गेला नाही.
मेणकापडात गुंडाळून वही
तांदळाच्या डब्यात ठेवली, तळाशी.

मेला तोही अंथरुणात.
एकोणचाळीस वर्षांनी कागद आला,
तांबडा शिक्का : रस्ता रुंदीकरण.
दफनभूमीची पश्चिमेची रांग चौदा फूट आत घ्यावी.
पाखंडी म्हणून नव्हे.
उसाच्या ट्रॅक्टरांना, मागं दोन ट्रॉल्या असल्या की,
वळायला जागा पुरत नाही म्हणून.

जेसीबीवरचा मुबारक चपला काढून खाली उतरला.
शेवटचं खोरं त्यानं हातानं मारलं.
सिमेंटच्या कोऱ्या पोत्यात मावला बाप,
वजनाला गुळाच्या एका रव्याहून कमी.

नवी जागा ठरेपर्यंत पोतं माझ्याकडं,
शिलाई मशिनच्या खाली.
चंपाआत्या आली. तिनं धर्म सोडला नव्हता,
आणि धर्म सोडलेला भाऊही.
म्हणाली, पंचगंगेला न्हे त्येला.
माणूस मोकळा करायचा तो असा.

मी पान एकशे बारा तिला वाचून दाखवलं, मराठी करत करत.
तिनं तंबाखू मळायची थांबवून ऐकलं.
"म्हंजे आपून मायेनं करतो
त्येच त्येंनी शिक्षा म्हणून केलं?
येडीच की ती माणसं."

पुस्तक म्हणतं, राख ओढ्यातून नदीला गेली,
नदीतून समुद्राला.
मला पटत नाही. मी घाटावर राख पाहिलीय.
लांब जात नाही ती. पहिल्याच वळणाला,
म्हशी डुंबतात तिथं, गाळात बसते.
पूर ओसरला की तो गाळ कुणाच्या तरी रानात,
आणि पुढच्या साली त्या रानाचा ऊस
गुऱ्हाळाला.

बापाला पुरलंच शेवटी, त्याच्या रीतीनं,
नव्या जागेत, बाभळीच्या अलीकडं.
पाळकांनी छापील प्रार्थना म्हटली, एकही शब्द न चुकता.
आमेन झालं, माणसं वळली,
तशी आत्या मेणकापड सोडवत पुढं आली.
"वाच. आरं म्हणतोय त्ये वाच."

वाचलं. आवाज दोनदा फसला.
पाळक टोपी छातीशी धरून उभे राहिले,
ऐकत होते,
की गाडी यायची होती, कळलं नाही.

रात्री पुस्तक काढलं. समासात आता माझी पेन्सिल,
पान एकशे बारा :
"आपलं बी. पण जाळलं न्हाई."