बेंबीपासून डावीकडे

श्वास रोखायला सांगितला तेव्हा
इदालीनानं डोळेही मिटून घेतले.
ते कुणी सांगितलं नव्हतं.

हात डोक्यामागे, कमरेचा पट्टा सैल,
कारण पोटावर काही आवळलेलं चालत नाही,
बारीक नळ्या दबतात, चित्रात येत नाहीत.
शिरेतून औषध गेलं तशी ती ओरडली,
"मुतले की काय मी?"
झुल्मीरा काचेआडून म्हणाली, सगळ्यांना तसंच वाटतं, बाई.
अंगातून एक ऊन फिरतं आणि निघून जातं.

आता ती मुलाच्या ट्रकमधून घरी पोचली असेल,
मातोझिन्योशला, बंदरामागच्या गल्लीत.
तिचं पोट मात्र इथे पोर्तोत, माझ्या पडद्यावर,
मिलिमीटरच्या कापांत.

आम्ही बेंबीला शून्य धरतो.
आईपासून जिथे तोडलं, तिथून मोजायला सुरुवात.

जांघेपाशी एक धमनी निघते,
पोटाच्या उभ्या स्नायूखालून वर चढते,
वाटेत तिला फाटे फुटतात, शेवयांहून बारीक,
स्नायू भेदून चरबीत पोचणारे.
त्यातला एक हवाय मला. एकच, पण धड.

उजवीकडे काही नाही.
ब्याण्णव सालचं सिझेरियन.
कुणीतरी घाईत मुळाशीच टाका घातला,
नळी तिथे थांबते, पुढे नुसती राखाडी.
त्या घाईतून व्हाल्देमार जन्मला,
तोच, ट्रकवाला.

तीस वर्षं कारखान्यात तिनं सार्डिनची पोटं उघडली.
"अंगठ्यानं," ती म्हणाली, "सुरी कशाला?
कण्याला लागून एक लाल रेघ असते,
ती राहिली तर अख्खा डबा कडू.
तुमच्यात कसं, काढता की ठेवता?"
आमच्यात सगळा खेळ ती न तुटण्याचा, मी म्हटलं.
तिला काही ते पटलं नाही.

गेल्या आठवड्यात डॉक्टर तेल्मोनं तिच्या पोटाला चिमटा घेतला.
खरोखरचा, दोन बोटांनी, पुरेल का पाहायला.
जन्मभर पोटाला चिमटा घेतलेल्या बाईकडे
एवढं साठलं कधी, तिचं तिलाच नवल.
"पुरून उरेल," तो म्हणाला,
आणि ती लाजली.
डावा स्तन काढल्याला दीड वर्ष झालं.
तेव्हापासून तिच्या देहाबद्दल कुणी
बरं असं काही बोललंच नव्हतं.

पावणेदहा. कॉफीवर साय धरलीय.
काप एकशे बारा. एक ठिपका उजळतो.
तेरा. सरकतो.
चौदा, पंधरा, स्नायूच्या कडेनं येतो,
आत फारसा न गुंतता वर निघतो,
दोन पूर्णांक तीन मिलिमीटर, शेजारी त्याची शीर,
जणू बोट धरून.
झुल्मीरा, मी हाक मारते. ती केव्हाच घरी गेलीय.

पडद्यावर रुग्णाचं डावं माझ्या उजवीकडे असतं.
एकवीस वर्षं झाली,
तरी लिहिण्याआधी मी स्वतःच्या पोटाला हात लावते.
एकदा उलटं लिहिलं होतं. तेल्मोनं वेळेत पकडलं, हसला.
मला अजून त्या कागदाचा रंग आठवतो.
म्हणून हात लावून, मग:
बेंबीपासून डावीकडे अठ्ठावीस, खाली अकरा.

जाता जाता दारातून तिनं विचारलं होतं,
"जेवले की छाती फुगेल का माझी?"
झुल्मीरा पोट धरून हसली.
पण वजन वाढलं तर वाढते ती, खरंच,
पोटची चरबी जिथे जाते तिथे आपला स्वभाव नेते.

शुक्रवारी तो तुकडा वर जाईल,
बरगडीमागच्या एका नळीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडला जाईल.
उरलेली कातडी ओढून खाली शिवतील.
बेंबी तेवढी हलणार नाही,
तिच्या देठावर तशीच राहील,
तिच्यासाठी कातडीला नवं भोक पाडतील.
म्हणजे शून्य जागेवर
आणि भोवतालचं सगळं सरकलेलं,
माझे आकडे शनिवारी कुणाच्याच कामाचे नाहीत.

मी ते पुन्हा एकदा तपासते.