पस्तीसवर रेघ

आज नळ आला. पाचव्या दिवशी,
पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी.
राजमणी आधी घागरी भरते, मग पिंप, मग पातेली,
मग कुकरसुद्धा.
सगळ्यात शेवटी माझी पाळी,
एक पांढरी बादली, वीस लिटरची.
"तुमच्या माशांचं झालं का?"
ती विचारते, जसं विचारावं
पाहुणे उठले का म्हणून.

फिल्टरमधून हे पाणी गाळायला दुपार होते.
एक बादली चांगली, तर दोन बादल्या वाया.
त्या वाया पाण्यानं ती भांडी घासते, फरशी पुसते,
आणि मला बरोबर ऐकू जाईल इतक्या हळू
तेलुगूत काहीतरी म्हणते.

डायहाउस बंद झालं तेव्हा
मल्लेशम शेठकडं माझे दोन पगार राहिले होते.
ऑफिसातली पेटी घेऊन जा, म्हणाले.
काचेची, तीन फुटी. आत एक दगड,
दगडावर बोटाएवढं मऊ काहीतरी, सारखं हलणारं,
आणि दोन नारिंगी मासे.
टेम्पोचं भाडंही मीच दिलं.

पहिल्या महिन्यात नळाचंच पाणी ओतलं, थेट.
घाई होती, अक्कलकोटला लग्न होतं.
परत आलो तर एकच मासा पोहत होता.

मीठ मला नवं नाही.
सव्वीस वर्षं हौदात गोण्यांनी मीठ टाकलंय,
त्याशिवाय सूत रंग धरत नाही.
किती टाकायचं ते बोटं सांगायची, जीभ सांगायची.
इथं जिभेचं काही चालत नाही.
लिटरला पस्तीस ग्रॅम.
पुतण्याच्या दुकानातला काटा मागून आणलाय.
पाण्यात मीठ सोडायचं, मुठीमुठीनं;
मिठावर पाणी कधीच नाही.
मग छोटा पंप रात्रभर घुमतो बादलीत,
भिंतीपलीकडं यल्लप्पाचे माग खडखडत असतात.
दोघांचा ताल काही जमत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी
पेटीतल्या पाण्याचे दोन थेंब काचेवर,
नळी डोळ्याला, तोंड उजेडाकडं.
वर निळं, खाली पांढरं, मधे एक रेघ.
इतकी साफ किनार
आमच्या कुठल्याच चादरीला कधी आली नाही.
छत्तीस दाखवते.
बरोबरच की, उन्हाचा आणि पेटीचा
छत्तीसचा आकडा.
बेचाळीस डिग्रीत पाणी उडून जातं,
आणि उडतं ते गोडंच. मीठ मागं राहतं
घर सांभाळत.
तीन तांबे सादं पाणी, थांबत थांबत.
पुन्हा दोन थेंब. पस्तीस.
बादलीचंही पस्तीस.

पंप बंद केला.
आवाज गेला की हे घर मला ओळखू येत नाही.
नळी तोंडात धरून एक ओढ,
आणि कितीही जपलं तरी एक घोट येतोच.
समुद्र मी पाहिलेला नाही.
चव माहीत आहे.
आम्ही घरात पाण्याला नीळ्ळु म्हणतो, मिठाला उप्पु;
समुद्राला काय म्हणतात
ते आईला विचारायची वेळच कधी आली नाही.

वाळूतली घाण नळीनं उचलताना
मासा मनगटाला ढुसण्या देतो, दर वेळी.
पेरांत अजून थोडा जांभळा रंग आहे, न गेलेला.
बहुतेक त्याच्यावरच राग असावा त्याचा.

जुनं पाणी गटारीत.
एकदा कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं होतं;
त्यावर आम्ही बोलत नाही.

नवं ओतायला बादली उचलली,
तर राजमणी आली, फ्रिजमधली बर्फाची बाटली
पदरात गुंडाळून.
आधी बादलीत कोपर बुडवलं तिनं, मग पेटीत,
तान्ह्याच्या आंघोळीचं बघावं तसं.
"थांबा," म्हणाली. "बादलीतलं गरम आहे."
बाटली बादलीत सोडली.

दोघं उभे राहिलो.
मासा काचेला लागून आमच्याकडं बघत होता,
किंवा बाटलीकडं.
मग तिनंच मग उचलला.
एक मग. थोडं थांबून दुसरा.

पुढचा नळ रविवारी.