टोंपे ड्रेसेसचं शटर

अप्पा म्हणाले, सही दाखव.

माझ्याकडं दाखवायला एवढंच होतं:
दहा बाय आठचं शटर, अठरा गेजचा पत्रा,
पट्ट्यांना हिरवा रंग, कारण हिरवाच पाहिजे म्हणून
दोनदा फोन त्यांनीच केलेला.
मापं मी तळहातावर लिहिली होती,
संध्याकाळी भाकरी थापताना ती पिठात गेली.

करार नाही तर व्यवहार नाही, म्हणाले,
आणि हे बोलताना पाठ टेकून उभे
त्याच हिरव्या पट्टीला.

काझी वकिलांनी चष्मा पुसत विचारलं,
माल उतरवून घेतला?
घेतला. हमालाला चहासुद्धा पाजला.
वापरतात?
साडेनवाला वर, रात्री नवाला खाली.
परत ने म्हणाले कधी?
नाही.
"मग रोज दोनदा सही करतात की तो माणूस.
कायदा तुझ्या बाजूचा आहे, कावेरी.
फक्त तो उदगीरला पायी येतो."

माझा बाप हंडरगुळीच्या बाजारात
बैलांना पत्र्या ठोकायचा.
मी खिळ्यांचा डबा धरून बसायची.
डोक्यावर दोन माणसं, मधे एक उपरणं,
तोंडानं सोयरीकीच्या गप्पा
आणि उपरण्याखाली बोटं:
हजार, पाचशे, एक बोट मागं.
बैल बिदरकडं निघून जायचा,
कागद कुणी काढला नाही.
बुडवणारे नव्हते असं नाही.
एकानं बुडवले, तर पुढच्या बाजारी
त्याच्या उपरण्यात कुणी हात घालेना.
बैलाच्या गळ्यातली दोरी हातात धरून
दिवसभर उभा होता बिचारा.

परवा रात्री फोन आला.
"तुमचं शटर अडकलंय. मी आत हाव."
कुणाचं, अप्पा?
पलीकडं नुसता पंख्याचा आवाज.

पाना आणि ग्रीस घेऊन गेले.
शटर जमिनीपासून वीतभर वर, वाकडं.
पट्टीत एक हँगर घुसलेला, त्यांच्याच दुकानातला.
मिनिटाचं काम. ते मी बोलले नाही.
"उघडायला करार लागंल, अप्पा," एवढंच म्हणाले,
आणि ओट्यावर बसले.

बऱ्याच वेळानं फटीतून एक हात बाहेर आला.
पाना मागत होता, का पाणी, कोण जाणे.
मी गळ्यातला रुमाल त्यावर टाकला
आणि खालून बोटं धरली.
आधी चार. मग तीन.

हात थबकला.
त्यांच्याही बापानं कधी बैल घेतला असणार.
एक बोट हळूच मागं गेलं.
मी ते ओढून परत जागेवर आणलं.
रिक्षावाला एक थांबून बघत राहिला,
त्याला वाटलं, नाडी बघते.

मग हँगर काढला.
शटर वर गेलं, आवाज न करता.
चांगलंच बनवलंय, मला ठाऊक होतं.
अप्पांनी घाम पुसला, माझ्याच रुमालाला,
आणि तो खिशात घातला.

सकाळी पोऱ्याबरोबर पैसे आले, रबर लावलेले.
बेचाळीस हजार पाचशे.
अर्धं बोट मारलंच.
पोऱ्या जाईना. म्हणाला,
अप्पांनी पावती मागितलीय.
सहीची.

केली.
कावेरी मारोती पांचाळ.
बापाचं नाव जरा मोठं आलं.