भाडं

पाचपावलीच्या शाळेत, मे महिन्याच्या शिबिराला,
मी सत्तेचाळीस स्लाइड घेऊन गेलो होतो.
नवव्या स्लाइडला कूलर बंद पडला,
नेमका 'सुप्त उष्णता' या शब्दावर,
आणि साठ पोरांनी वह्यांचे पंखे केले.

धकाते मिस्तरी आले. हातात पान्हा, कानावर विडी.
मोटर उघडता उघडता म्हणाले, तसं कुणालाच नाही,
"कूलर काहून गार लागते बे? आत बरफ आहे का?"
नाही.
"मंग मनगट चाटा. आता फुका."

साठ जिभा, साठ मनगटं.
आणि मागच्या बाकावर, चोरून, माझंही एक.

"पाण्याले उडाचं असते. त्याचं भाडं लागते.
ते तुमच्या कातडीतून वसूल करते,
ताटीत हवेपासून.
जुलैत हवाच भिजेल राहते,
मंग पाणी उडून जाईन कुठं? म्हणून चिपचिप.
मोटरचा दोष नाही.
तरी फोन मलेच येते."

मोटर घुरघुरली. ओल्या वाळ्याचा वास सुटला.
मिस्तरी पैसे मोजत होते
तेव्हा रोशनी उईके उठली, मनगट अजून पुढे धरून:
"काका, मंग ते भाडं जाते कोनाकडं?"

मिस्तरींनी माझ्याकडे पाहिलं.
एकतिसाव्या स्लाइडवर उत्तर होतं, लाल बाणांसकट.
मी रिमोट खिशात टाकला.
म्हटलं, कोणीतरी बर्फाच्या पाण्याचा गडवा आणा,
कूलरसमोर ठेवू,
आणि बाहेरून हात लावून बघू
पाणी कुठं उतरतं, उतरताना काय परत करतं.

मिस्तरींनी पान्हा पिशवीत घातला,
आणि थांबले.