टेबलाचे पाय

परदेशीपुऱ्यात, बंद मिलच्या भिंतीला लागून
एक खोली भाड्यानं घेतली आणि पाटी लावली:
‘करून पाहा. सर्वांना प्रवेश.’
दोन ड्रिल, एक करवत, सोल्डरिंगच्या सहा कांड्या,
आणि सागवानी टेबल, छत्तीस इंच उंच,
माझ्या कमरेच्या मापाचं.

महिनाभर आले ते माझ्यासारखेच.
ज्यांना लहानपणी
घरातला रेडिओ उघडायची परवानगी होती.

मग भंवरीबाई आली, लाखेच्या बांगड्या करणारी.
दारातल्या चपला तिनं आधी पाहिल्या, मग अर्ज.
‘अनुभव’ या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली,
इथं काय लिहायचं असतं?
काही येत असेल तर, मी म्हटलं.
काही नाही येत, ती म्हणाली.
रकाना कोरा राहिला.
त्या बोटावर चट्टे होते,
तीस वर्षं निखाऱ्यापाशी वळलेल्या लाखेचे.
मला तेव्हा फक्त अक्षरं वाचता येत.

तिनं कांडी उचलली आणि खाली बसली,
फरशीवर, एक गुडघा उभा करून.
वायर ताणली, प्लग निघाला.
‘बाई, टेबल इकडे आहे.’
‘ते तुमच्या मापाचं आहे,’ ती म्हणाली.
रागानं नाही,
ही सव्वादोनची, तुम्हाला नाही चढायची,
असं गिऱ्हाइकाला सांगावं तसं.

त्याच आठवड्यात शाल्मली दिघेची चाकांची खुर्ची
टेबलाच्या आडव्या पट्टीला धडकली.
गुडघे आत जाईनात.
तिनं दोनदा मागे घेऊन पाहिली
आणि मग पट्टीकडेच बघत राहिली.
तौसीफ हसला. त्याला दिसत नाही, पण धडक ऐकू आली होती.
‘उंची काय ती ठरवा, भिया,
पण करवत रोज नव्या खिळ्याला टांगू नका.
आपली शोधण्यातच दुपार जाते.’

मी मनात पत्रकाचा मसुदा करत होतो:
सर्वसमावेशक, वगैरे.
तोवर भंवरीबाईनं टेबल आडवं पाडलं.

पाय फूटभर ठेवून बाकीचे कापायचे,
सियागंजातून लोखंडी नळे आणायचे,
त्यांना दर दोन इंचांवर भोक,
हवं तेवढं वर, हवं तेवढं खाली.
गणित शाल्मलीचं. करवत भंवरीबाईच्या हाती,
आयुष्यात पहिल्यांदा.
आणि तौसीफ कान देऊन:
चलने दो, चलने दो… आता हळू. दोन सूत उरलंय.

खरंच दोन सूत उरलं होतं.

भांडणंही झाली, नाही असं नाही.
मी म्हणे स्क्रूड्रायव्हर, ती म्हणे पेचकस,
तौसीफ म्हणे नाव काहीही ठेवा, जागा एक ठेवा.
मग भिंतीवर प्रत्येक हत्याराचा आकार
लाखेनं उठवला, बोटाला लागेल असा.
लाख किती तापवायची ते तिनं वासावरून ओळखलं.
मी थर्मामीटर घेऊन उभा होतो.

सोल्डरिंगचा धडा त्यानंतर मी शिकवला नाही,
शिकलो.

टेबल डुगडुगतं. चौथं भोक वाकडं पडलंय, माझ्याच हातून.
खाली कागदाची घडी सारलीय,
उरलेल्या अर्जांपैकी तिनाची.

आणि पाटी अजून खोटीच आहे.
कचऱ्याच्या गाडीवर काम करणारी सुगना
दोनदा दारापर्यंत येऊन गेली.
पत्रा, प्लास्टिक, तांबं
ती नुसतं वाजवून वेगळं करते, म्हणे.
किती वाजेपर्यंत असतं, तिनं विचारलं.
सहा, मी सांगितलं.
ती सुटते साडेसातला.
बरं, म्हणाली, आणि गेली.
हे ‘बरं’ मला ओळखीचं वाटलं,
कोऱ्या रकान्यासारखं.

आज दुपारी तौसीफ टिकटिकीच्या मागानं भिंतीपाशी गेला,
घड्याळ उतरवून टेबलावर पालथं ठेवलं
आणि न चाचपडता हात वर केला,
पेचकसाच्या जागी.